एअर फ्रायर बदलताय? लिटर सोडा, बूड बघा!

घरातला पहिला एअर फ्रायर बहुतेक वेळा कुणीतरी भेट दिलेला असतो, नाहीतर दिवाळीच्या सेलमध्ये घाईघाईत उचललेला. दोन-चार वर्षं त्यात बटाट्याच्या काचऱ्या, फ्रोझन समोसे आणि शेंगदाणे होतात. मग बास्केटचं काळं कोटिंग सुटायला लागतं, पाहुणे आले की चार-चार घाणे काढावे लागतात आणि घरात विषय निघतो, ‘आता जरा चांगला घेऊया का?’ खरी मजा या दुसऱ्या खरेदीत आहे. आपल्याला काय खायचंय, किती जणांना खायचंय आणि आधीच्या यंत्रात काय अडलं, हे आता पक्कं ठाऊक असतं. दुकानात जाण्याआधी या यंत्राच्या काही मजेदार आणि काही फार उपयोगी गोष्टी वाचून घ्या.

खुराड्याची जाळी आणि फ्रेंच फ्राइज

आज ओट्यावर चकाकणाऱ्या या यंत्राचा पहिला नमुना लाकूड, ॲल्युमिनियम आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी यांतून तयार झाला होता. बनवणारे होते नेदरलँड्सचे संशोधक फ्रेड व्हान डर वाइ. बटाट्याच्या फ्राइज हा डच माणसाचा जीव की प्राण, आणि साध्या ओव्हनमध्ये त्या काही केल्या मनासारख्या कुरकुरीत होत नव्हत्या. त्यावर उपाय शोधता शोधता त्यांनी गरम हवा बास्केटच्या खालून वर खेळवणारं यंत्र जमवलं. फिलिप्स कंपनीने ते हाती घेतलं आणि २०१० मध्ये बर्लिनच्या ‘इफा’ प्रदर्शनात जगासमोर ठेवलं. त्या घराण्यातल्या बास्केटखाली तारामाशाच्या आकाराची उठावदार नक्षी दिसते. ती शोभेची नाही. खाली आदळलेली हवा तिच्यामुळे वळून वर पदार्थाकडे जाते.

फिलिप्सने आपला घरगुती उपकरणांचा धंदा २०२१ मध्ये हिलहाउस या गुंतवणूक कंपनीला विकायचं ठरवलं. त्या कंपनीचं नाव आता वर्सुनी आहे. खोक्यावर फिलिप्स छापलेलं असतं ते परवान्याने.

पंख्याने गरम हवा फिरवून अन्न गरम करायची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ च्या सुमारास, अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी ‘व्हर्लविंड’ नावाचा छोटा ओव्हन तयार केला. लांब पल्ल्याच्या विमानांत गोठवलेल्या थाळ्या गरम करायच्या, हे त्याचं काम. थाळीत मांस, भाजी आणि बटाटा असे तीन कप्पे असत. गोठवलेली थाळी विमानात गरम होऊन मिळायची त्यामागे हाच पंखा होता.

आणि आजची एअर फ्रायरची पत किती? ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय महागाई मोजण्यासाठी सर्वसामान्य घराच्या खरेदीची एक यादी ठेवतं. २०२४ मध्ये त्या यादीत एअर फ्रायर आला आणि हँड सॅनिटायझर बाहेर पडला. २०२२ मध्ये तिथे वीज आणि गॅसचे दर भडकले, तेव्हा मोठा ओव्हन बंद ठेवून लोकांनी हे छोटं यंत्र घरात आणलं होतं.

आत नक्की काय घडतं?

वर तापलेली कॉइल, तिच्या मागे जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीदार बास्केट. एवढाच संसार. तरी साध्या ओटीजीपेक्षा याचा पदार्थ लवकर कुरकुरीत होतो, त्याचं कारण वाऱ्यात आहे. कुठल्याही ओल्या पदार्थाभोवती दमट हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो आणि उष्णता आत जाऊ देत नाही. पंखा तो थर सतत उडवून लावतो. वैशाखात गच्चीवर वारा असला की पापड भराभर वाळतात, तोच हा प्रकार, फक्त १८० अंशांवर.

पृष्ठभाग वाळला की खरी गंमत सुरू होते. पाणी असेपर्यंत पदार्थाचा वरचा थर १०० अंशांच्या पुढे फारसा जात नाही. पाणी सरलं की तापमान चढतं आणि साधारण १४० अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखर एकत्र येऊन तो सोनेरी रंग आणि खमंग वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये ही प्रक्रिया मांडली, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. भाजलेला पाव, खरपूस कांदा, तव्यावरचं थालीपीठ, सगळीकडे तिचाच कारभार.

आता तेलाची गोष्ट. कढईत पदार्थाभोवती बुडबुडे येतात ते तेलाचे नसून आतून बाहेर पडणाऱ्या वाफेचे असतात. वाफ बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव कमीच. पदार्थ झाऱ्याने बाहेर काढला की आतली वाफ थंड होते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. तळणीतलं बरंचसं तेल असं कढईबाहेर आल्यावर मुरतं. म्हणून वडा काढल्यावर लगेच कागदावर टेकवायची आपल्या आया-आज्यांची सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे.

एअर फ्रायरमध्येही तेल शून्य ठेवू नका. चमचाभर तेल पदार्थाला सगळीकडून चोळलं की उष्णता सारखी पोचते आणि रंग एकसारखा येतो. कोरडा पदार्थ टाकला तर तो वाळतो, खमंग होत नाही. तरीसुद्धा कढईभर तेल आणि चमचाभर तेल यातला फरक महिन्याच्या किराण्यात दिसतोच. भारताला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. शिवाय तळणीनंतर उरलेल्या तेलाचा प्रश्नही राहत नाही. तळून तळून खराब झालेल्या तेलातल्या घातक घटकांवर भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी ते मोजायचं साधन कुणाकडे असतं? तेलच कमी लागलं की प्रश्न मिटला.

लिटरच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते लिटर. ४.१, ५.५, ६.२, ९. पण आपण त्यात ताक भरणार नाही. आपल्याला अळूवड्या, कटलेट, माशाच्या तुकड्या एका थरात मांडायच्या आहेत. उंच पण अरुंद बास्केट लिटरमध्ये मोठी भरते आणि कामाला लहान पडते. वड्या एकावर एक रचल्या की मधल्या वड्यांना वारा लागत नाही आणि त्या वाफेवर मऊ होतात.

म्हणून बुडाची रुंदी मोजा. वीस सेंटिमीटर व्यासाच्या गोल बास्केटचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच रुंदीच्या चौकोनी बास्केटचं ४००. म्हणजे २७ टक्के जागा जास्त. पाच सेंटिमीटर रुंदीच्या गोल अळूवड्या अगदी चिकटवून लावल्या तर गोल बास्केटमध्ये अकरा बसतात आणि चौकोनीमध्ये सोळा. चौकोनी बास्केट २४ सेंटिमीटरची मिळाली तर बूड ५७६ चौरस सेंटिमीटर होतं, वीस सेंटिमीटरच्या चौकोनीच्या जवळपास दीडपट. दुकानात मेझरिंग टेप घेऊन जायला अजिबात संकोच करू नका. विक्रेता बटणं दाखवेल, तुम्ही बास्केट उलटी करून बूड मोजा.

दोघा-तिघांच्या घराला चार लिटरच्या आसपासचा रुंद बुडाचा एअर फ्रायर पुरतो. चार-पाच माणसं आणि वर येणं-जाणं असेल तर सहाच्या पुढे जा. दोन ड्रॉवरवाल्या मॉडेलची सध्या चलती आहे, आणि ज्या घरात एकाला शाकाहारी आणि दुसऱ्याला मासे लागतात तिथे ते खरंच वरदान आहे. एका बाजूला सुरमई, दुसऱ्या बाजूला पनीर, आणि दोन्ही एकाच वेळी तयार व्हावीत अशी सोयही असते. खोट एकच. नऊ लिटर लिहिलेलं असलं तरी तो दोन अरुंद कप्प्यांचा मिळून आकडा असतो. अख्खी कोंबडी किंवा भरताचं मोठं वांगं कप्प्यात आडवं बसेलच असं नाही. काही मॉडेलमध्ये मधली भिंत काढता येते. जास्त पैसे मोजायचेच असतील तर त्या भिंतीसाठी मोजा.

भिंतीवरचा प्लग आधी बघा

नव्या एअर फ्रायरबद्दल कुणी सांगत नाही अशी सगळ्यात कामाची गोष्ट ही. आपल्याकडचा साधा छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला त्याला १,३८० वॅटपर्यंतच झेपतं. बरेचसे एअर फ्रायर १,४०० ते १,७०० वॅटचे असतात आणि दोन ड्रॉवरवाले २,४०० वॅटच्याही पुढे. म्हणजे १६ अँपिअरचा मोठा पॉवर प्लग हवाच. जुन्या फ्लॅटमध्ये असा प्लग गिझरपाशी नाहीतर फ्रिजमागे असतो आणि ओट्यावर मिक्सरपुरता छोटा. मग लोक कन्व्हर्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड लावतात, वायर तापते, प्लग काळा पडतो. कृपा करून असं करू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून ओट्यावर वेगळ्या वायरिंगचा पॉवर पॉइंट काढून घ्या. यंत्राच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

अमेरिकेतून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांकडून एअर फ्रायर मागवायचा मोह होत असेल तर तोही आवरा. तिथली उपकरणं १२० व्होल्टवर चालतात. इथे थेट लावलं तर ते तत्काळ जळतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा म्हटलं तर दीड हजार वॅटचं ओझं पेलणारा ट्रान्सफॉर्मर स्वतःच जड धोंडा असतो. इंग्लंडहून आणलेला व्होल्टेजला चालतो, फक्त त्याचा प्लग वेगळ्या घाटाचा असतो आणि इथे वॉरंटी मिळणं अवघड.

वीजबिलाची धास्ती घेऊ नका. १,५०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं सलग चाललं तर अर्धं युनिट लागतं. ठरलेलं तापमान गाठलं की कॉइल मधूनमधून बंद होते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. दोन हजार वॅटचा ओटीजी तापायला दहा मिनिटं आणि भाजायला तीस मिनिटं धरली तर सव्वा युनिटच्या वर जातो. तुमच्या महावितरणच्या बिलावरचा दर घ्या आणि गुणा, हिशेब समोर येईल. मात्र पोळ्या, वरण-भात, उसळ यांना गॅस आणि कुकरच बरे. सगळा स्वयंपाक यावर टाकला तर बिल वरच्या टप्प्यात जाईल.

अळूवडी पास, भजी नापास

मराठी स्वयंपाकातला याचा सगळ्यात देखणा पदार्थ माझ्या मते अळूवडी. उंडे नेहमीसारखे वाफवून पूर्ण गार होऊ द्या. गरम कापले तर पदर सुटतात. अर्ध्या इंचाच्या वड्या कापून दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा, वर तीळ दाबा, आणि १८० अंशांवर बारा मिनिटांच्या आसपास ठेवा, अर्ध्यात एकदा उलटा. दोनशेवर नेऊ नका. बेसनात चिंच-गूळ आहे आणि गुळातली साखर कडेला पटकन करपते. बाहेर काढल्यावर कडा ठिसूळ, मधले हिरवे-पिवळे पदर मऊ, आणि ताटात तेलाचा थेंब नाही. कोथिंबीर वडीही याच रस्त्याने जाते.

कांदा भजी मात्र विसरा. बटाटावडाही. पातळ पिठाला गरम तेलात पडताक्षणी घट्ट कवच येतं. इथे ते पीठ जाळीतून ठिबकतं आणि पंख्याच्या वाऱ्याने पसरतं. पुरी फुगते ती तेलाच्या एका झटक्याने आत वाफ धरल्यामुळे. एअर फ्रायरमध्ये तिची कोरडी पापडी होते. अनारशाला तुपात तरंगूनच जाळी पडते. उकडीच्या मोदकाला वाफ हवी, वारा नको. कढई आणि मोदकपात्र जागच्या जागी राहू द्यात.

बोंबलाचं काय? जमतो, पण मेहनत आहे. बोंबलात पाणी फार. कोकणात तो साफ करून वरवंट्याखाली दाबून ठेवतात, ती पायरी इथे तर अजिबात चुकवायची नाही. वरचा रवा कोरडा राहिला तर तसाच पांढरा निघतो. म्हणून रवा आणि तांदळाच्या पिठात आधीच थोडं तेल चोळून घ्यायचं आणि लावल्यावर वरून पुन्हा ब्रश फिरवायचा. सुरमईच्या तुकड्या त्याहून सोप्या. कोंबडीची तंगडी करताना मात्र डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. वारा बाहेरून झटकन रंग आणतो आणि हाडाजवळ कच्चं राहू शकतं. आत ७४ अंश झालं की कोंबडी खायला सुरक्षित. सुईचा साधा फूड थर्मामीटर घ्या, मोठ्या कामाचा आहे.

हलक्या गोष्टी इथे उडतात, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला गंमतच वाटते. उडदाचा पापड ठेवला की मिनिटभरात तो तरंगत वर जातो, थेट कॉइलला चिकटतो आणि तिथेच जळतो. पातळ पोहे, कढीपत्ता, पुदिना यांचंही तेच. वर एखादी स्टीलची जाळी उपडी घाला. बटर पेपर पदार्थाशिवाय रिकामा ठेवून यंत्र तापवायचं नाही, तोही उडून कॉइलला लागतो. मसाले वरून भुरभुरवले तर ते वाऱ्यावर जातात, तेलात कालवून लावा.

कुरकुरीत भेंडीला मीठ सगळ्यात शेवटी. आधी घातलं की पाणी सुटतं. भरताचं वांगं टोचून, तेल लावून २०० अंशांवर छान शिजतं, साल अलगद निघतं, फक्त जाळाचा वास येत नाही. तो हवा असेल तर पेटलेल्या कोळशावर तूप सोडून धुंगार द्या. पावसाळ्यात मऊ पडलेली बाकरवडी, चकली, चिवड्यातले शेंगदाणे १५० अंशांवर तीन मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना ते मऊच लागतील. ओलावा गेल्यावरचा खुटखुटीतपणा थंड झाल्यावर कळतो.

ओव्हनची एखादी पाककृती इथे करायची तर तापमान वीस अंशांनी कमी आणि वेळ साधारण पाचवा भाग कमी धरा.

गॅसच्या नळकांड्यात सापडलेली पावडर

बास्केटवरच्या काळ्या कोटिंगची जन्मकथा सुरस आहे. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट फ्रिजसाठीच्या नव्या वायूवर काम करत होते. भरलेल्या नळकांड्याची तोटी उघडली तर वायू आलाच नाही, पण वजन तेवढंच. त्यांनी नळकांडं कापून पाहिलं तर आत पांढरी, मेणचट, कशालाही न चिकटणारी पावडर. तीच पुढे टेफ्लॉन झाली. फ्रान्समध्ये मार्क ग्रेगॉर यांनी ती मासेमारीच्या साहित्याला लावायला घेतली, तेव्हा त्यांच्या पत्नीने सुचवलं की माझ्या तव्याला लावून बघा. त्यातून १९५६ मध्ये टेफाल कंपनी उभी राहिली.

हे कोटिंग २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतं. एअर फ्रायर सहसा २०० अंशांना थांबतो, त्यामुळे नीट वापरात घाबरण्याचं कारण नाही. पण घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. जास्त तापलेल्या नॉनस्टिकचा धूर पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकतो.

कोटिंगचे खरे शत्रू दोन. एक तारेची घासणी, दुसरा डब्यातून फवारायचा स्वयंपाकाचा तयार स्प्रे. त्यात तेलाबरोबर लेसिथिन असतं. ते तापून चिकट थर होतं आणि मग घासल्याशिवाय निघत नाही. साध्या स्प्रे बाटलीत आपलं शेंगदाण्याचं तेल भरा किंवा ब्रश वापरा. कोटिंगच नको असेल तर आता काचेच्या भांड्याचे आणि स्टीलच्या जाळीचे एअर फ्रायर मिळतात. काच जड असते पण आतला पदार्थ दिसतो आणि घासायला निर्धास्त. सिरॅमिक कोटिंग दिसायला सुंदर, पण त्याचा गुळगुळीतपणा टेफ्लॉनच्या आधी जातो. माझं मत विचाराल तर कोटिंग कुठलंही घ्या, मात्र ज्याची सुटी बास्केट पुढे विकत मिळते तेच मॉडेल घ्या. यंत्र चांगलं चालत असताना केवळ बास्केट खरवडली म्हणून ते टाकून देणं फार जिवावर येतं.

सोनेरी रंगावर थांबा

तेल कमी म्हणजे पदार्थ औषधी झाला असं नाही. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांना भाजलेल्या आणि तळलेल्या पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड हे नकोसं रसायन सापडलं. साधारण १२० अंशांच्या पुढे बटाट्यातली साखर आणि ॲस्पराजिन यांच्यापासून ते तयार होतं, मग उष्णता तेलाची असो की हवेची. उपाय घरगुती आहेत. कापलेले बटाटे अर्धा तास पाण्यात ठेवा, पाणी टाकून द्या, पंचावर पसरून खडखडीत कोरडे करा आणि रंग सोनेरी झाला की थांबा. तपकिरी होऊ देऊ नका. कोरडे केल्यामुळे ते कुरकुरीतही जास्त होतात.

बटणं, खिडकी आणि वाय-फाय

समोशाचं चित्र, कोंबडीचं चित्र, पिझ्झ्याचं चित्र. ही बटणं म्हणजे आधी भरून ठेवलेलं तापमान आणि वेळ, बाकी काही नाही. बारा बटणांसाठी जादा पैसे देऊ नका. त्यापेक्षा खालचं तापमान बघा. स्वस्त मॉडेल ८० अंशांच्या खाली येत नाहीत. चांगली ४०-५० पर्यंत येतात आणि त्यांत टोमॅटो, आवळ्याच्या फोडी भर पावसाळ्यातही वाळतात. आतला दिवा आणि काचेची खिडकी ही चैन वाटते, पण बास्केट दर वेळी ओढून बघितली की गरम हवा निघून जाते, म्हणून ती घ्याच.

फोनवरून चालणाऱ्या मॉडेलबाबत सावध राहा. ‘विच?’ या ब्रिटिश ग्राहकसंस्थेने २०२४ मध्ये काही स्मार्ट एअर फ्रायरची ॲप तपासली, तर ती फोनमधून आवाज ध्वनिमुद्रित करायची परवानगी मागत होती. वड्या करायला आपलं बोलणं कशाला ऐकायला हवं?

आणि बिल जपून ठेवा, मॉडेल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदवा. २०२३ मध्ये अमेरिकेत एका कंपनीला सुमारे वीस लाख एअर फ्रायर परत मागवावे लागले. आतला वायरचा जोड तापून पेट घेण्याचा धोका होता. ज्यांनी नोंद केलेली असते त्यांच्यापर्यंत अशी बातमी थेट पोचवता येते. बदली यंत्र फुकट होतं.

ओट्यावरची जागा

गरम हवा मागच्या बाजूने बाहेर पडते. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा आणि वर लाकडी कपाट असेल तर चालू करताना पुढे ओढून घ्या. जागा नाही म्हणून गॅसच्या शेगडीवर ठेवू नका. चुकून बटण फिरलं तर खालून जाळ लागेल.

सफाईत सगळ्यांच्या नजरेतून सुटते ती वरची कॉइल. तिच्यावर उडालेलं तेल बसतं आणि मग एक दिवस घरभर पांढरा धूर होतो. प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर यंत्र हलकेच आडवं करा आणि मऊ ब्रशने, ओल्या फडक्याने पुसा. साबणाचं पाणी ओतायचं नाही. नवं यंत्र आणलं की पहिल्यांदा रिकामंच दहा-पंधरा मिनिटं चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. कारखान्यातला वास निघून जातो.

जुन्याचं काय करायचं?

चालू स्थितीत असेल तर वसतिगृहात किंवा नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या मुलाला द्या. एकट्याला तो पुष्कळ होतो. देण्याआधी वायर आणि प्लग तपासा आणि त्याच्या खोलीत पॉवर प्लग आहे का, हेही विचारा. बंद पडला असेल तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका आणि वायर जाळून तांबं काढणाऱ्याच्या हाती तर मुळीच देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर गेली आहे आणि घरगुती छोटी उपकरणंही तिच्यात आली आहेत. पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते. दुसऱ्या शहरांत महापालिकेचं संकलन केंद्र शोधा, किंवा नव्याची ऑर्डर देताना दुकानदाराला आधी एवढं विचारा, ‘जुना घेऊन जाल का?’